पिल्लाचा भाव आणि आमची सहा महिन्यांची वही

भाऊबीजेच्या रात्री, १५ नोव्हेंबर २०२३ला, आमच्या घरात कुत्र्याचा ठराव तीन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. मी, नवरा आणि सहावीतली लेक एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या. त्या वाईजवळच्या खेड्यातल्या. "कुत्रं काय विकत आणायची वस्तू आहे होय? आमच्याकडं कुत्रं यायचं. भाकरी टाकली की राहायचं," एवढं बोलून त्या झोपायला गेल्या.

त्यांचं खरं होतं. पण आम्ही पुण्यात धनकवडीला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहतो. दिवसभर घरी सासूबाई एकट्याच आणि त्यांचे गुडघे गेलेले. उचलता येईल एवढं कुत्रं हवं, हा एकच मुद्दा पक्का होता. दत्तक घ्यायचाही विचार केला, दोन ठिकाणी जाऊनही आलो. पिल्लं गोड होती, पण ती किती मोठी होतील हे कुणालाच सांगता येईना. मग जातिवंत आणि लहान चणीचं घ्यायचं ठरलं, आणि १८ नोव्हेंबरच्या शनिवारी मी फोन फिरवायला बसले.

पहिला धडा अर्ध्या तासात मिळाला. 'भाव काय' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. मी कागदावर लिहीत गेले ते असं: पामेरियन ८ ते १० हजार, पण 'टॉय पॉम' म्हटलं की तोच माणूस ८० हजार म्हणतो. मागून कळलं की आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे पांढरं, टोकदार तोंडाचं 'पामेरियन' असायचं, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ होतं. तेव्हा दहा हजारांत पॉम म्हणून मिळत होतं तेही तेच. कुत्रं म्हणून उत्तम, फक्त नाव दुसरं. पग १२ ते २० हजार. शिह त्झू २५ ते ४५ हजार, शिवाय केसांची निगा जन्मभर. डॅशहाउंड कागदांशिवाय ८ ते १२, कागदांसकट १८ ते २५, आणि 'मिनिएचर' हा शब्द लावला की ४० हजार. 'टीकप', म्हणजे कपात मावेल एवढं, अशी जातच नसते, पण त्या शब्दाचेही पैसे लागतात.

'कागद' म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं, बोलीत केसीआयचं, नोंदणी प्रमाणपत्र. त्यात पिल्लाच्या तीन पिढ्या लिहिलेल्या असतात आणि नोंदणीसाठी पिल्लाला कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप बसवावी लागते. एक मात्र समजून घ्या, हा वंशाचा दाखला आहे, तब्येतीचा नाही. फोनवर 'पेपर आहेत ना, मग काय टेन्शन' असं चौघांनी सांगितलं. पेपरवालं पिल्लूही आजारी असू शकतं.

पगचा विचार पशुवैद्यांशी बोलल्यावर सोडला. आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे डॉक्टर म्हणाले, "चपटं नाक दिसायला छान, पण मे महिन्यात त्याला श्वास घ्यायला कष्ट पडतात. घरात एसी आहे का?" नाही. म्हणून डॅशहाउंड. लांबुडकं अंग, आखूड पाय, बिळात शिरून बिज्जूची शिकार करायला जर्मनीत तयार केलेली जात. लेकीला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "हे तर भुईमुगाच्या शेंगेसारखं आहे." पिल्लू मिळायच्या आधीच नाव ठरलं: शेंगा.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. ती लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवी.

२१ नोव्हेंबरला एका जाहिरातीत डॅशहाउंडची पिल्लं दिसली, ६,५०० रुपयांत, कागदांसकट. मालक म्हणे लष्करात, अचानक बदली झाली, म्हणून स्वस्तात. फोनवर अतिशय सभ्य आवाज. पिल्लू बंगळूरहून विमानानं येणार होतं. टोकन २,००० मी क्यूआर कोडवर पाठवले. दुसऱ्या दिवशी फोन आला, विमानाच्या पिंजऱ्याचं डिपॉझिट ३,८००, पिल्लू हातात आलं की परत मिळेल. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी व्हिडिओ कॉलवर पिल्लू दाखवा म्हटलं, तर नेटवर्क नाही. नवऱ्यानं जाहिरातीतला फोटोच टाकून इंटरनेटवर शोध घेतला. तेच पिल्लू, तीच निळी चादर, भलत्याच देशातल्या एका साईटवर.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण दोन दिवस लाजून घालवल्यावर. तसं करू नका. पैसे गेल्याचं लक्षात येताच पहिल्या तासात फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत थोपवता आली तरच काही उपयोग. माझे दोन हजार गेले.

सासूबाईंना हे सांगायचं नव्हतं, पण लेकीनं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "म्हैस घेताना माणूस कासेला हात घालून बघतो, दात बघतो, आईनं किती दूध दिलं ते विचारतो. तुम्ही फोटो बघून पैसे देता. पुढच्या वेळी मला न्या."

म्हणून ३ डिसेंबरला, रविवारी, चौघंही गेलो. उपनगरातला एक बंद फ्लॅट. दार उघडताच फिनेलचा आणि त्याखालून लघवीचा वास. बाल्कनीत पिंजरे. तिथे दोन डॅशहाउंड पिल्लं होती, राखाडी अंगावर काळे ठिपके, एकाच्या तोंडावर मोठा पांढरा पट्टा आणि एक डोळा निळा. 'डॅपल' म्हणतात या रंगाला. भाव ३५ हजार, "रेअर कलर आहे मॅडम." वय पाच आठवडे. आई-बाप दोन्ही डॅपल, असं विकणारा अभिमानानं सांगत होता.

सासूबाईंनी पिंजऱ्यापाशी वाकून विचारलं, "आई कुठाय?"

"आई गावी असते."

"कुणाची? तुमची का हिची?"

तो हसला, आम्हीही हसलो, पण उत्तर काही मिळालं नाही. सासूबाईंनी दोन्ही पिल्लांच्या डोक्यामागे टाळी वाजवली. एकानं वळून पाहिलं, निळ्या डोळ्याच्या पिल्लानं नाही. परत वाजवली. नाही. आम्ही निघालो. जिना उतरताना सासूबाई म्हणाल्या, "शेळीचं करडू घेताना बी एवढं बघतात."

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा कारण कळलं. दोन डॅपल कुत्र्यांचा संकर केला तर काही पिल्लांना दोघांकडून तोच जीन मिळतो, आणि अशी पिल्लं बहिरी किंवा आंधळी जन्मण्याचा धोका मोठा असतो. म्हणजे ज्या पांढऱ्या पट्ट्याचे आणि निळ्या डोळ्याचे तो माणूस जास्त पैसे मागत होता, ते कदाचित त्या पिल्लाचं दुखणंच होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. ते पिल्लू कुणीतरी घेतलं असेलच.

डॉक्टरांनीच कायदा सांगितला. केंद्राचे २०१७चे श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. त्यांनुसार ब्रीडरनं, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्यानं, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असायला हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दीड वर्षाच्या आत मादीची वीण घेता येत नाही आणि एका मादीच्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त विणी घेता येत नाहीत. आठ आठवड्यांची अट उगाच नाही. आईजवळ आणि भावंडांत राहून पिल्लू किती जोरात चावायचं ते शिकतं. भावंड किंचाळलं की समजतं, जास्त झालं. पाचव्या आठवड्यात उचललेलं पिल्लू हे तुमच्या मुलांच्या बोटांवर शिकतं.

त्यानंतर फोनवर मी भाव विचारणंच बंद केलं. तीन प्रश्न ठरवले: नोंदणी क्रमांक काय? पिल्लाला आठ आठवडे कधी पूर्ण होतात? आई दाखवाल का? अकरा फोन केले. पाच जणांनी नोंदणीचं नाव काढताच फोन ठेवला, तिघांनी "ते काय असतं?" विचारलं, दोघांनी 'नंतर पाठवतो' म्हणून पाठवलं नाही. अकरावा माणूस म्हणाला, "पिल्लं २ डिसेंबरला झालीत, डोळेही उघडलेले नाहीत. २४ला या, आई बघा. बूट बाहेर काढावे लागतील आणि पिल्लांना हात लावू देणार नाही."

हे ऐकून पहिल्यांदाच बरं वाटलं.

सातारा रस्त्यानं शिरवळच्या पुढे, शेतातलं घर. व्हरांड्यात नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं. आई काळी-तांबूस, तीन वर्षांची, दुसरी वीण. ती आमच्याकडे बघून भुंकली, मग मालकाच्या पायाशी जाऊन बसली आणि परत पिल्लांकडे गेली. पाच पिल्लं, तीन आठवड्यांची, एकमेकांवर पडलेली. सासूबाई आईकडेच बघत बसल्या. तिची पाठ, केस, आचळं, चालणं. "खाल्लेली-प्यालेली आहे," त्या म्हणाल्या. हेच त्यांचं प्रमाणपत्र.

मग आकड्याची गोष्ट. मागणी २२ हजार. मी घासाघीस करायला गेले, तेव्हा त्यानं एक वही काढली आणि शांतपणे वाचून दाखवलं: मादीचं गाभणपणातलं खाणं, सोनोग्राफी, विणीच्या रात्री आलेले डॉक्टर, पाच पिल्लांचे जंत, लशी, चिप, नोंदणी. रात्रीची जाग त्यानं धरलीच नव्हती. आठ हजारांत पिल्लू विकणारा यातलं काहीतरी करत नसणार, एवढं गणित मलाही जमलं. शेवटी १८ हजारांवर ठरलं, कारण आम्हाला प्रदर्शनात उतरवायचं नव्हतं आणि आम्ही निवडलेल्या मादीच्या शेपटीत एक बारीक गाठ होती. 'शो'साठी तो दोष, आमच्यासाठी चार हजारांची सूट. ५,००० टोकन दिलं आणि साध्या कागदावर लिहून घेतलं: पिल्लू नेल्यापासून दहा दिवसांत पार्व्हो किंवा डिस्टेंपर निघालं तर पैसे परत. हे लिहून घ्याच. पिल्लांच्या या जीवघेण्या रोगांचा विषाणू पिल्लात आधीच शिरलेला असतो आणि लक्षणं नव्या घरी काही दिवसांनी दिसतात, मग दोन्हीकडून नुसते आरोप होतात.

पाच आठवड्यांची वाट. लेकीनं सासूबाईंच्या खोलीतल्या कालनिर्णयावर दिवस खोडायला सुरुवात केली. त्याच चौकटींत सासूबाई दूध, इस्त्री, गॅस लिहायच्या. त्यांनी २४ डिसेंबरच्या चौकटीत लिहिलं: 'शेंगा ५०००'. तेव्हापासून तेच आमचं हिशेबाचं दप्तर.

मधल्या काळात सोसायटीचं काम केलं. सेक्रेटरीकाका म्हणाले, "मिटिंगमध्ये ठेवू, बहुमत बघू." भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना मी छापून नेल्या होत्या. त्यांत स्पष्ट आहे, पाळीव प्राण्यावर सोसायटीला बहुमतानंही बंदी घालता येत नाही. पण कागद खिशातून काढलाच नाही. आधी काकांना चहा दिला आणि जिना घाण झाला तर आम्ही धुऊ असं लिहून दिलं. विषय संपला.

२८ जानेवारी २०२४. आठ आठवडे आणि एक दिवस. पहिली लस १८ तारखेला झालेली, लसीकरणाच्या वहीत लशीच्या बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांचा शिक्का. नुसती पेनानं लिहिलेली तारीख चालवून घेऊ नका, स्टिकर बघा. डॉक्टरांनी चिप वाचायचं यंत्र मानेवरून फिरवायला सांगितलं होतं, तेही केलं. पंधरा आकडे उमटले, कागदावरच्या आकड्यांशी जुळवले. ब्रीडरनं आई झोपते त्या गोणपाटाचा एक तुकडा दिला. "आठवडाभर याच्यावर झोपवा." परतीच्या वाटेवर शेंगा दोनदा ओकली आणि खेड शिवापूरपासून सासूबाईंच्या मांडीवर झोपली. विरोधी पक्ष तिथेच फुटला.

पहिल्या तीन रात्री रडणं. गोणपाट आणि त्याखाली जुनी गोधडी, एवढ्यावर भागलं. त्याआधी दुकानातून ९०० रुपयांचा मऊ बिछाना आणला होता, तो तिनं चार दिवसांत फाडला. बाकी सामान म्हणजे भांडी ३५०, पट्टा ४५० आणि आडवं कुंपण १,८००. पट्टा गळ्याचा घेऊ नका, छातीचा घ्या. मान ओढली गेली तर ताण पाठीपर्यंत जातो.

पाठीचं हे प्रकरण मला उशिरा कळलं, आणि त्याचा राग स्वतःवरच आहे. ३० जानेवारीला डॉक्टरांनी तपासलं. फी ५००, शौचाची तपासणी ३००. मग त्यांनी विचारलं, "मजला कितवा?" दुसरा. लिफ्ट? नाही. ते पेन ठेवून म्हणाले, "मग हिला जन्मभर उचलून न्यायचं. एकही पायरी नाही, सोफ्यावरून उडी नाही." या जातीत मणक्यांमधल्या चकत्या सरकण्याचा त्रास सर्रास असतो. गंभीर झालं तर मागचे पाय जातात, शस्त्रक्रियेचा खर्च पिल्लाच्या किमतीच्या कित्येक पट. आम्ही उचलता येईल एवढं कुत्रं शोधत होतो, आणि उचलावंच लागेल असं कुत्रं आणलं. हे आधी माहीत असतं तर स्पिट्झ घेतलं असतं, खरंच. जात ठरवताना डॉक्टरांना 'ही जात कशी आहे' विचारू नका, 'माझ्या घरात ही जात कशी राहील' ते विचारा.

१० फेब्रुवारी, २ मार्च, २३ मार्च, अशा तीन एकत्रित लशी, प्रत्येकी ८००. रेबीज २ आणि ३० मार्चला, ३०० रुपये एकेक. शेवटची लस होईपर्यंत बाहेर जमिनीवर पाय टेकवायचा नाही, म्हणून आम्ही तिला भाजीच्या पिशवीत घालून गच्चीवर न्यायचो. जंताच्या गोळ्या चार वेळा, २४०. गोचिडांचं औषध ४५०. कोरडं खाणं महिन्याला दीड हजार, सुरुवातीला ब्रीडर देत होता तेच. खाणं बदलायचं तर आठवडाभर मिसळत बदला, नाहीतर पोट बिघडतं.

पोट तसंही बिघडलंच. १९ फेब्रुवारीच्या रात्री साडेअकराला शेंगाला उलटी, मग आव पडल्यासारखं पातळ, तांबूस. पार्व्होबद्दल इतकं वाचलं होतं की माझे हात गार पडले. रात्रीचा दवाखाना सातव्या फोनला लागला. (दिवसा, काही झालेलं नसताना, रात्री उघडा असणारा दवाखाना शोधून नंबर फ्रीजवर लावून ठेवा.) पार्व्हो तपासायची पट्टी ९०० रुपये. दहा मिनिटं थांबायचं असतं. त्या पट्टीवर एक रेघ आली की ठीक, दोन आल्या की पार्व्हो. बाकावर मी, नवरा, आणि टॉवेलात गुंडाळलेली शेंगा. एक रेघ लगेच उमटली. दुसरीची जागा मी मोबाईलच्या उजेडात सारखी बघत होते. तिथे काहीच नव्हतं, पण बघता बघता असल्यासारखं वाटायचं. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली आणि "निगेटिव्ह" म्हणाले. तीन दिवस सलाईन, २,१००. औषधं ६५०. तिसऱ्या दिवशी कारण आपोआप बाहेर आलं: दारातल्या पायपुसण्याचा काथ्या.

एप्रिलमध्ये महापालिकेचा श्वान परवाना काढला. रेबीजच्या लशीचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि शेंगाचा फोटो लागला. फी इतकी किरकोळ की सासूबाईंनी ती लिहिलीही नाही. हा परवाना दरवर्षी नवा करायचा असतो, म्हणून लशीच्या तारखेलाच जोडून टाका.

एप्रिलअखेर मी कालनिर्णयाची सगळी पानं घेऊन बेरीज केली. पिल्लू १८,०००. सामान ३,५००. तपासणी ८००, लशी ३,०००, गोळ्या आणि गोचीड ६९०. काथ्याचं पायपुसणं ३,६५०. तीन महिन्यांचं खाणं ४,५००. फसवणूक २,०००. एकूण ३६,१४०, पेट्रोल सोडून. म्हणजे कुणी पिल्लाचा जो आकडा सांगेल, तो पहिल्या तीन महिन्यांत जवळपास दुप्पट होईल असं आमचा हिशेब तरी सांगतो. पुढे निर्बीजीकरण होतं, त्याचा अंदाज तेव्हा ७ हजारांचा मिळाला.

केसीआयचं प्रमाणपत्र मात्र येईना. ब्रीडरनं विणीची नोंदणीच उशिरा पाठवली होती. पाच वेळा आठवण केली, दोनदा आवाज चढवला. शेवटची दोन हजारांची रक्कम मी प्रमाणपत्र आल्यावर देईन म्हणून आधीच मागे ठेवली होती, ती कामाला आली. ११ मेला पाकीट मिळालं. मालकी माझ्या नावावर करायच्या अर्जावर त्याची सहीही होती. ती नसेल तर कागद ब्रीडरच्याच नावावर राहतो, तेव्हा पाकीट उघडताच आधी ती बघा.

सासूबाईंनी चष्मा लावून प्रमाणपत्र वाचायला घेतलं. आई, बाप, आजी, आजा, मग पणजे-पणज्या, सगळ्यांची भलीमोठी नावं. शेंगाचंही कागदावरचं नाव चार शब्दांचं निघालं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "तुझ्या पणजीचं नाव काय रे?"

त्याला आलं नाही. मलाही माझ्या पणजीचं आलं नाही. त्यांनी दोघांकडे एकदा बघितलं, शेंगाला उचलून मांडीवर घेतलं आणि ११ मेच्या चौकटीत लिहिलं: 'शेंगा. कागद आले. २०००'.